घड्याळ चुकतंय किती?

बैलगाड्याच्या घाटात वाद पेटला, तर तो बहुतेक वेळा सेकंदावरून. आंबेगाव, जुन्नर, खेड या पट्ट्यातल्या यात्रांत गाडे शेजारीशेजारी पळत नाहीत. एक बारी सुटते, ती घड्याळाशी पळते, मग दुसरी. बारी अकरा-बारा सेकंदांत आटोपते आणि कोण पहिल्यात बसला, कोण दुसऱ्यात गेला, हे दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर ठरतं. २०१४ची बंदी, डिसेंबर २०२१मधली परवानगी, मे २०२३चा घटनापीठाचा निकाल असा फेरा पूर्ण करून शर्यती परत आल्या, तशी घड्याळ धरणाऱ्याची खुर्चीही परत आली.

गाडामालकाचा राग घड्याळावर असतो. हिशेब मांडला तर घड्याळ बिचारं निर्दोष सुटतं. हातातल्या साध्या स्टॉपवॉचमधला क्वार्ट्झ दहा लाखांत पन्नास भागांनी चुकतो असं धरू. हा तसा वाईटच म्हणायचा. तरी बारा सेकंदांच्या बारीत त्याची चूक होते अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. उलट डोळ्यांनी निशाण पडलेलं पाहून अंगठ्यानं बटण दाबायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग सहज लागतो. सुटताना झालेला उशीर आणि पोहोचताना झालेला उशीर एकमेकांना थोडे खाऊन टाकतात हे खरं, पण सेकंदाच्या दहाव्या भागाची शंका उरतेच. म्हणजे महागडं घड्याळ आणून उपयोग नाही, अंगठा बदलायला हवा. ज्या घाटात दोन्ही टोकांना प्रकाशकिरण तुटला की आपोआप चालू-बंद होणारं यंत्र बसवतात, तिथे हेच केलेलं असतं.

याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर खोडदला, नेमका उलटा प्रश्न आहे. तिथे मध्ये अंगठाच नाही. तिथे एखादं मोजमाप बारा सेकंद चालत नाही, बारा वर्षं चालतं, आणि सगळा दोष घड्याळाच्या माथी येतो. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आकाश बघते असं आपण म्हणतो. तिच्या कामाचा मोठा भाग वेळ आणि वारंवारता मोजण्याचा आहे. आणि हे काम लहान प्रमाणात, घरच्या गच्चीवरून, हौसेखातर करता येतं.

आधी मोठ्या कामाचा एक नमुना बघू. १९ ऑक्टोबर २०१६च्या रात्री साडेआठच्या सुमारास युरोपचं शियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याच्यावरचा छोटा ट्रान्समीटर ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास, काही वॉटच्या ताकदीनं बोलत होता. तो शब्द साडेसतरा कोटी किलोमीटर ओलांडून पावणेदहा मिनिटांनी खोडदला पोहोचत होता. इतक्या क्षीण संदेशातून माहिती वेचणं शक्य नव्हतं. मोजायची होती फक्त वारंवारता. वेगात सेकंदाला एक मीटरचा फरक पडला की ही वारंवारता साधारण सव्वा हर्ट्झनं सरकते, चाळीस कोटी हर्ट्झमध्ये सव्वा. यान वातावरणात शिरलं, पॅराशूट उघडलं, हे सगळं पडद्यावरच्या एका बारीक रेषेच्या वळणातून वाचलं जात होतं. आणि उतरण्याच्या नियोजित क्षणाच्या थोडी आधी ती रेष तुटली. यान अजून उंचावर असताना त्याच्या संगणकाला आपण जमिनीवर पोहोचलो असं वाटलं होतं. तीसेक सेकंद चालायची इंजिनं तीनच सेकंदांत बंद झाली आणि यान आपटलं. नेमकं काय झालं ते पुढच्या चौकशीत कळलं. काहीतरी बिनसलंय हे मात्र खोडदच्या रेषेनं त्याच रात्री सांगितलं होतं.

ही युक्ती दुर्बिणींच्या जगातून आलेली नाही. ४ ऑक्टोबर १९५७ला स्पुतनिक वर गेला तेव्हा त्याचा २०.००५ मेगाहर्ट्झवरचा बीपबीप जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, घरच्या रिसीव्हरवर ऐकला. अमेरिकेत विल्यम ग्वायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञही तेच करत बसले होते, कोणी सांगितलं नव्हतं तरी. वीस मेगाहर्ट्झवर अमेरिकेचं सरकारी वेळकेंद्र होतं. त्याच्या शेजारी स्पुतनिकचा सूर ठेवला की दोहोंतला फरक कानाला ऐकू यायचा. उपग्रह जवळ येताना सूर चढा, लांब जाताना उतरता. एवढ्या एका वक्ररेषेवरून त्यांनी उपग्रहाची पूर्ण कक्षा काढली. मग कोणीतरी उलटा प्रश्न विचारला: उपग्रह कुठे आहे ते माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? त्यातून ट्रान्झिट ही नौकानयन प्रणाली आली आणि पुढे जीपीएसचा मार्ग खुला झाला.

जुन्नरकरांना जीपीएसची ओळख बिबट्यामुळेही झाली. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला गेला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातला हा ‘आजोबा’ महिन्याभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन पोहोचला. त्याच्यावर पुढे चित्रपटही निघाला. पण तो पट्टा जागा मोजत नव्हता, हे फारसं कोणी सांगत नाही. तो वेळ मोजत होता. प्रत्येक जीपीएस उपग्रह म्हणजे अणुघड्याळ घेऊन फिरणारा दवंडीवाला. चार दवंड्या किती किती उशिरानं पोहोचल्या त्यावरून जागा कळते. एका मायक्रोसेकंदाची गफलत झाली की बिबट्या तीनशे मीटर सरकलाच. सापेक्षतेमुळे उपग्रहावरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरची चूक साठेल.

आता गच्चीवर येऊ. २०१२च्या सुमारास जगातल्या काही खटपट्यांच्या लक्षात आलं की संगणकावर टीव्ही दाखवणारा स्वस्तातला यूएसबी डोंगल आतला कच्चा रेडिओ संकेत जसाच्या तसा बाहेर देऊ शकतो. आतली चिप होती आरटीएल २८३२यू. टीव्ही राहिला बाजूला. काही हजार रुपयांच्या आत २४ ते १७०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकणारा रिसीव्हर लोकांच्या हाती आला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८२५ मेगाहर्ट्झवर त्याचे संदेश ऐकायला दोन पट्ट्यांचा साधा अँटेना पुरतो, आणि ते येताना साधारण सव्वातीन किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढंच खाली सरकतं. ग्वायर-वायफेनबाख यांची वक्ररेषा शिवनेरीच्या पायथ्याशी बसून काढता येते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा किलोभर वजनाचा उपग्रह जून २०१६मध्ये पीएसएलव्हीनं वर गेला, तो हौशी रेडिओवरून संदेशांची देवघेव करण्यासाठीच. त्याच वर्षी सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला. त्याचा हेतू तर आपल्या विषयाच्या अगदी मध्यावरचा: दोन वेगळ्या वारंवारता जमिनीवर ऐकायच्या आणि त्यांतल्या फरकावरून वरच्या आयनोस्फिअरमध्ये इलेक्ट्रॉन किती आहेत ते मोजायचं.

डोंगलची खोड अशी की तो खोटं बोलतो, आणि बोलताना तापत जातो. त्याच्या पोटातला २८.८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल दहा लाखांत तीस-चाळीस भागांनी सहज इकडेतिकडे असतो. लावल्यावर अर्धा तास तो गरम होत राहतो, तशी वारंवारता सरकत राहते. त्यामुळे या छंदातला पहिला प्रयोग आकाशाचा नसतो, स्वतःच्या यंत्राची चूक मोजण्याचा असतो. माझ्या मते सगळ्यात शिकवणारा प्रयोग हाच, आणि नवशिके नेमका तोच टाळतात. त्यांना थेट आकाशगंगा हवी असते.

चूक मोजायला आपल्यापेक्षा बरं घड्याळ लागतं. एकेकाळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं ‘एटीए’ हे केंद्र लघुलहरींवर सेकंदाचे ठोके पाठवायचं. आता फुकटातलं प्रमाण शोधायचं तर ते गावच्या मोबाइल टॉवरवर मिळतं. टूजीच्या टॉवरला आपली वारंवारता दोन कोटींत एक इतकी काटेकोर ठेवावीच लागते, आणि डोंगल त्याच्याशी ताडून पाहायची प्रणाली फुकट मिळते. त्याहून पुढची पायरी जीपीएसची. छोटा जीपीएस मोड्यूल दर सेकंदाला एक ठोका देतो. त्यातला प्रत्येक ठोका दहा-वीस नॅनोसेकंदांनी पुढेमागे असतो, पण दिवसभराची सरासरी घेतली तर चूक जवळपास उरत नाही, कारण मागे अणुघड्याळं उभी आहेत. तापमान धरून ठेवणाऱ्या पेटीतल्या चांगल्या क्रिस्टलचं उलट असतं: या सेकंदापासून पुढच्या सेकंदापर्यंत अगदी स्थिर, महिन्याच्या हिशेबात मात्र भरकटणारा. नवा खोंड मुरलेल्या बैलाबरोबर जुंपावा तसं या दोघांना एकत्र जुंपतात. क्षणाक्षणाला क्रिस्टलचं ऐकायचं, तासांनंतर जीपीएसचं. हौशी लोकांच्या टेबलावर ही पेटी दिसली की समजावं, गडी आता बरा होण्यापलीकडे गेलाय. काहीजण आणखी पुढे जाऊन टेलिफोन कंपन्यांच्या भंगारात निघालेली रुबिडियम घड्याळं मिळवतात. त्यांतला रुबिडियम-८७चा अणू सेकंदाला ६ अब्ज ८३ कोटींच्या वर कंपनं करतो, आणि ती कंपनं त्या जातीच्या सगळ्या अणूंची सारखीच, मग तो भंगारातला का असेना.

जीएमआरटीच्या पोटातही हौशी माणसाला ओळखीच्या वाटाव्यात अशा खूप गोष्टी आहेत. ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप यांनी भारतातली आपली पहिली रेडिओ दुर्बीण १९६५ साली कल्याणला उभारली ती ऑस्ट्रेलियातून आलेल्या वापरलेल्या तबकड्यांची, सहा-सहा फुटांच्या बत्तीस. म्हणजे सुरुवातच जुन्या मालापासून. पुढे उटीची दुर्बीण झाली १९७०मध्ये, आणि मग खोडद. भरीव पत्र्याच्या तबकड्या परवडणाऱ्या नव्हत्या आणि वाऱ्यापुढेही त्यांचा निभाव लागला नसता. म्हणून पोलादी दोऱ्यांच्या ताणावर अर्ध्या मिलिमीटरच्या तारेची जाळी बसवली. जागेची निवडही हिशेबानं झाली: डोंगरांचा आडोसा, शहरांपासून दूर, आणि चुंबकीय विषुववृत्तापासून एवढं उत्तरेला की आयनोस्फिअर फार त्रास देत नाही, तरी दक्षिणेचं आकाशही बऱ्यापैकी दिसतं. चौदा तबकड्या मधल्या चौरस किलोमीटरभरात आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या. टोकाच्या दोघींत पंचवीस किलोमीटर अंतर. ऑक्टोबर २००१मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली. स्वरूप सप्टेंबर २०२०मध्ये गेले.

तीस तबकड्यांचे संकेत एकत्र करायचे तर त्यांची वेळ जुळायला हवी. १४०० मेगाहर्ट्झला एक आवर्तन नॅनोसेकंदापेक्षाही कमी वेळात पुरं होतं. तेवढ्यात प्रकाश वीतभर जातो. संकेत आणणारी फायबर उन्हात तापली की लांब होते, इलेक्ट्रॉनिक्स सरकतं. मग काय करतात? थ्री-सी ४८सारख्या, जागा आणि तेज पक्कं माहीत असलेल्या उगमाकडे सगळ्या तबकड्या वळवतात आणि कोण किती चुकतंय ते नोंदवून घेतात. डोंगल टॉवरशी ताडण्यासारखंच.

खरी कसोटी लागते ती पल्सारला, म्हणजे गिरक्या घेत नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्याला. जोसेलिन बेल यांना १९६७ साली पहिला पल्सार सापडला तो १.३३ सेकंदांना एकदा टिकटिकणारा. १९८२मध्ये डॉन बॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा तारा सापडला. त्या सहकाऱ्यांत एक तरुण विद्यार्थी होता, श्रीनिवास कुलकर्णी, जन्म कुरुंदवाडचा. असे मिलिसेकंद पल्सार दीर्घकाळात अणुघड्याळांच्या तोडीचे असतात. पृथ्वीवरच्या घड्याळानं ते मोजायचे, की त्यांनी घड्याळ मोजायचं, असा प्रश्न पडावा इतके. भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरे, म्हणजे इनपीटीए, हा भालचंद्र जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रकल्प खोडदची दुर्बीण घेऊन हेच करतो: पुन्हा पुन्हा त्याच ताऱ्यांचे ठोके टिपायचे आणि ते अपेक्षेपेक्षा किती पुढेमागे आले ते लिहून ठेवायचं. गुरुत्वीय लहरी अवकाश ताणत-आखडत गेल्या तर वेगवेगळ्या दिशांच्या पल्सारांचे ठोके ठरावीक रीतीनं एकत्र पुढेमागे होतील. त्या लहरीचं एक आवर्तन वर्षानुवर्षांचं, आणि फरक सेकंदाच्या कोटीव्या भागाच्या घरातला.

इथे खोडदचं खास काम काय? ताऱ्यांमधल्या विरळ वायूतून येताना कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. उत्तरेकडचा बी०३२९+५४ हा तेजस्वी पल्सार घ्या. त्याचा ४०० मेगाहर्ट्झचा ठोका १४०० मेगाहर्ट्झच्या ठोक्यामागून जवळजवळ दोन-तृतीयांश सेकंदानं पोहोचतो. वायू हलता असतो, म्हणून हा उशीरही थोडाथोडा बदलत राहतो आणि गुरुत्वीय लहरीचं सोंग घेऊ शकतो. इनपीटीए ३०० ते ५०० आणि १२६० ते १४६० मेगाहर्ट्झ असे दोन पट्टे एकाच वेळी टिपते आणि वायूचा वाटा वेगळा काढते. जून २०२३च्या अखेरीस युरोपीय गटानं इनपीटीएबरोबर, आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीनमधल्या गटांनी स्वतंत्रपणे, अशा लहरींच्या खुणा मिळत असल्याचं जाहीर केलं. दावे सावध भाषेत होते. चूक मोजण्यात आयुष्य घालवलेले लोक जपूनच बोलतात.

हाच बी०३२९+५४ आज परदेशात काही हौशी मंडळी दोन-तीन मीटरच्या तबकड्या आणि डोंगल घेऊन पकडतात. ठोका एकेकटा दिसत नाही. तासन्‌तास नोंद करून, ती ०.७१४५ सेकंदांच्या घड्या घालून एकावर एक रचली की उंचवटा वर येतो. इथे घड्याळ थोडं जरी सरकलं तर घड्या जुळत नाहीत आणि सगळं सपाट होतं.

खोडदला मात्र रेडिओ-शांतता जपावी लागते, आणि त्यात हॅम मंडळींसाठी एक गंमत आहे. त्यांचे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे दोन्ही लाडके पट्टे जीएमआरटीच्या ऐकण्याच्या पट्ट्यांतच पडतात. परवाना असला तरी खोडदच्या पंचक्रोशीत ट्रान्समीटर दाबण्याआधी दहादा विचार करावा. नुसत्या ऐकण्याचा अर्थात तसा त्रास नाही. ठिणग्या टाकणारा ट्रान्सफॉर्मर, सैल तार, मोबाइल टॉवर, सगळ्यांचाच दुर्बिणीला उपद्रव. पुणे–नाशिक रेल्वेचा मूळ मार्ग याच कारणानं अडला आणि बदलण्याच्या हालचाली झाल्या, तेव्हा नारायणगाव-मंचर भागातली नाराजी उघड होती. ती मला गैर वाटत नाही. टोमॅटो आणि द्राक्षं वेळेत बाजारात न्यायची असलेल्या माणसाला नॅनोहर्ट्झच्या लहरींसाठी थांब म्हणणं सोपं नाही. पण विजेवरच्या गाडीच्या ठिणग्या दुर्बिणीला खरोखरच आंधळं करतील, हेही तितकंच खरं. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, तिथे आजूबाजूच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. या भांडणाचा हिशेब डेसिबलमध्ये मांडणारा एखादा तक्ता तिथे लागला तर मी आधी तोच बघेन.

या भागात काय मोजावं, असं कोणी विचारलं तर मी हायड्रोजन सांगेन. हायड्रोजनचा अणू १४२०.४०५७ मेगाहर्ट्झवर बोलतो. सगळ्यात स्थिर घड्याळांपैकी एक, हायड्रोजन मेसर, याच कंपनावर चालतं, आणि आकाशगंगेतला वायूही हेच कंपन पाठवतो. १९५१ साली हार्वर्डमध्ये युवेन आणि पर्सेल यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढलेल्या लाकूड-तांब्याच्या भोंग्यातून ते पहिल्यांदा ऐकलं. पुठ्ठ्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवून केलेला भोंगा, तळाशी पत्र्याचा डबा, पुढे एक चांगला प्रवर्धक आणि डोंगल एवढ्यावर आजचं काम भागतं. पुण्यात एनसीआरए आणि आयुका या खगोलसंस्थांच्या हिवाळी शाळेत महाविद्यालयीन मुलं अशा भोंग्यांवर काम करतात. आंबेगावातल्या गिरवलीची आयुकाची दोन मीटरची दुर्बीण पावसाळ्यात ढगांपुढे हतबल असते. या भोंग्याला ढग दिसतच नाहीत.

भोंगा वृषभ आणि सारथी यांच्या सीमेकडे, आकाशगंगेच्या केंद्राच्या बरोबर उलट दिशेला धरावा. तिकडच्या वायूला आकाशगंगेच्या फिरण्यामुळे आपल्याकडे येण्या-जाण्याचा वेग जवळजवळ नसतो, आणि ती दिशा सूर्याच्या वाटेलगतची आहे. त्यामुळे रेष सरकली तर ती मुख्यतः पृथ्वीच्या स्वतःच्या धावण्यानं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री दहानंतर पूर्वेकडे वर आलेल्या त्या भागाकडे पृथ्वी सेकंदाला वीस-एकवीस किलोमीटरनं जात असते. मार्चअखेर संध्याकाळी त्याच भागापासून जवळपास तीस किलोमीटरनं दूर. दोन नोंदींतला फरक येतो सुमारे २४० किलोहर्ट्झ. डोंगलची चाळीस भागांची चूक इथे सत्तावन्न किलोहर्ट्झची, पण ती दोन्ही वेळी तीच असते आणि वजाबाकीत गळून जाते. उरते ती नोव्हेंबरची थंडी आणि मार्चचं ऊन यांच्यातल्या फरकानं क्रिस्टल सरकल्याची, ती काही किलोहर्ट्झची. तेवढी सोडून द्यावी, नाहीतर दोन्ही वेळा आधी टॉवरशी ताडून घ्यावं. एरवी पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मोजायला घरातला सगळ्यात स्वस्त डोंगल पुरतो.